धनगराची पोर आणि मेंढरांचा तक्ता

मी शाळेत गेले ती भाकरी थापायला. शिकायला नाही आणि शिकवायला तर बिलकुल नाही. आमचं गाव केदारखेडा. नवरा पटकीनं गेला तेव्हा मला सतरावं लागलं होतं. दोन वर्षं सासरी कशीबशी काढली आणि मंग मामीच्या ओळखीनं जालन्याला आले. तिथं निराधार पोरींसाठी एक आसरा होता, त्याच आवारात त्यांची शाळा. सातासमुद्रापलीकडून आलेल्या एक बाई ते सगळं चालवायच्या. गाव त्यांना मिससाहेब म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचे. निजामाचं राज्य होतं. सरकारी शाळेत पोरं उर्दू शिकायची, पोरींच्या शिक्षणाचं कुणी नावही काढत नव्हतं, आणि ह्या बाई गोणपाटावर बसून पंचवीस-तीस पोरींना मराठी मुळाक्षरं गिरवायला लावत होत्या.

निघताना दीर म्हणाला, "जा, आता गोऱ्या बाईच्या हातचा पाव खा."

झालं उलटंच. गोरी बाईच माझ्या हातची भाकरी खायला बसली.

मिससाहेब मराठी शिकल्या होत्या पुण्याच्या कुणा शास्त्रीबुवांकडून. त्यामुळे पंगतीत मला म्हणायच्या, "मावशी, कृपा करून ठेचा मजकडे सरकवावा." पोरी तोंडात पदर घालून हसायच्या. मिससाहेबही हसायच्या आणि लगेच विचारायच्या, "मग कसे म्हणायचे? सांगा." एखादी धिटुकली म्हणायची, "मावशे, ठेचा दे की गं!" की बाई तेच घोकत बसायच्या. बोटभर पोरीलाही "मला सांग" म्हणायला त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. पोरींच्या डोक्यातल्या उवा त्या स्वतः काढायच्या, खरजेची पू आलेली बोटं स्वतः धुवायच्या. मी पुढं खूप शिकलेली माणसं पाहिली, पण जिला विचारता येतं अशी बाई ती एकच.

मी लिहायला शिकले ती चुलीपुढं. थोरल्या पोरी उबेला येऊन मोठ्यानं धडे वाचायच्या, मी भाकरी भाजता भाजता कान द्यायची, आणि भाकऱ्या संपल्या की कोळशानं भिंतीवर अक्षरं काढून बघायची. वर्ष गेलं त्यात. एकदा मिससाहेब स्वयंपाकघरात आल्या आणि भिंतीपुढं उभ्या राहिल्या. मला वाटलं, भिंत काळी केली म्हणून आता बोलणी बसणार. त्यांनी वाचलं, "मीठ संपले." माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मीठ मी आणवते. उद्यापासून लहान मुलींना तुम्ही घ्या." अशी मी बाई झाले. भाकरी थापायला दुसरी आली, पण पोरींच्या तोंडी 'मावशी' बसलं होतं ते बसलंच.

लहानग्यांना अंक शिकवायचे तर पहिली अडचण चिंचोक्यांची. चिंचोके मांडून मोजायला दिले की पोरी ते चुलीत भाजून खायच्या. सकाळी दिलेले दुपारी अर्धे. म्हणून मी माझी रीत काढली. पोरींना ओळीत उभं करायचं, एकेकीच्या डोक्याला हात लावत जायचं आणि जिच्या डोक्याला हात लागेल तिनं आपला अंक म्हणायचा. शिवाय भिंतीवर एक तक्ता होता. मिससाहेबांच्या बहिणीनं तिकडं परदेशात बसून कापडावर रंगवून पाठवलेला. एक गाय, दोन घोडे, तीन कुत्री, असं करत करत खाली वीस मेंढरं. पांढरीशुभ्र, गुबगुबीत. आपल्याकडच्या मेंढरांसारखी नव्हती, पण मेंढरं म्हणून ओळखू यायची. मिससाहेब कधी कधी नुसत्याच त्या तक्त्यापुढं उभ्या राहायच्या. बहिणीच्या हातचं होतं ना.

एका दिवाळीनंतर एक धनगर पोरीला पाठंगुळीवर घेऊन फाटकाशी आला. पोर आठ-नऊ वर्षांची. आई नव्हती. पायाला नारू झाला होता, पाय सुजून ढोलासारखा, पाऊल टाकवत नव्हतं. आणि मेंढरं तर निघाली होती शहागडाकडं, गोदेच्या काठानं, खतासाठी शेतांत बसवायला. मेंढरांमागं लंगडी पोर कशी चालणार?

तो मला म्हणाला, "बाई, मिरगाला येतो मी. मिरगाला मेंढरं इकडं माळावर येत्यात. तवर ठिवा. पोर हितंच ऱ्हाईल ना? दुसरीकडं न्हाई ना धाडणार?"

"न्हाई रे बाबा," मी म्हणाले. "हितंच ऱ्हाईल."

तो पोरीला म्हणाला, "मिरगाला. हितंच." तिनं नुसती मान हलवली. रडली नाही.

मी शब्द देऊन बसले खरी, पण तो देणारी मी कोण? आसऱ्याचा एक नियम होता. तिकडून परदेशातून ज्यांच्या मदतीवर सगळं चालायचं त्यांनी घालून दिलेला. दर चैत्रात मुलींची परीक्षा व्हायची. सात वर्षांवरची जी पोर पहिलीच्या पुस्तकाला आणि शंभरापर्यंतच्या अंकांना येऊन पोचली नाही, तिला शाळेत ठेवायचं नाही. तिला दुसऱ्या एका मोठ्या घरी पाठवायचं, शिवणकाम, विणकाम शिकायला. ते घर रेल्वेनं दीड दिवस लांब. म्हणजे परीक्षा चैत्रात आणि बाप यायचा मिरगाला. पोरगी नापास झाली तर बाप येऊन रिकामं फाटक बघणार.

नारूचा इलाज दवाखान्यात झाला. काडीला गुंडाळत गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर काढला. पोरीनं हूं का चूं केलं नाही. पाय बरा झाला आणि ती माझ्या वर्गात येऊन बसली.

अक्षरं तिला लवकर आली. मी चकितच झाले. पण अंक म्हटले की पोरीचं तोंड शिवल्यासारखं. ओळीत उभी केली, डोक्याला हात लावला, तिच्या आधीची 'सहा' म्हणून गेली, ही गप्प. तिच्या मागची ओरडायची, "आगं सात म्हण की, दगडे!" ही खाली बघायची. मी विचार केला, धनगराची पोर आहे, हिला मेंढरांवरूनच शिकवावं. मोठ्या हौसेनं तिला तक्त्यापुढं नेलं.

"बघ, मेंढरं! तुझीच की. मोज बरं, किती हाएत?"

तिनं तोंड फिरवलं.

"आगं तुझ्या बाची समज. किती मेंढरं तुझ्या बाची?"

तर पोरगी उठून चालतीच झाली आणि नळापाशी जाऊन बसली. मी रोज तिला तक्त्यापुढं न्यायची, ती रोज उठून जायची. दोन महिने असेच गेले. गोड बोलून झालं, गूळ देऊन झाला, एकदा तर धपाटाही घातला, खोटं कशाला सांगू. शेवटी मीच मिससाहेबांना जाऊन सांगितलं, "मिससाहेब, पोर गुणाची हाये, पण हिशेबात डोकं न्हाई. मंद हाये जरा."

हे मी माझ्या तोंडानं बोलले.

चैत्रात परीक्षा झाली. अंकांना ती उभीसुद्धा राहिली नाही. मिससाहेबांनी लांबच्या घरी पाठवायच्या मुलींची नावं कागदावर लिहिली. त्यात एक नाव हिचं. त्या मला म्हणाल्या, "मावशी, तिच्या वडिलांना तुम्ही काय सांगाल?" मी म्हणाले, "मला काय म्हाईत?" त्यांनी ते पत्र पाकिटात घातलं, पण चिकटवलं नाही. म्हणाल्या, "सोमवारी टाकू."

मधे रविवार होता. रविवारी आम्ही सगळ्या पोरींना घेऊन नदीवर कपडे धुवायला जायचो. चैत्रातली नदी, पाणी घोट्याएवढं, पण खडकाच्या आडोशाला एक डोह होता आणि तो उन्हाळ्यातही आटायचा नाही. कपडे धुतले, वाळवले, मोटा बांधल्या आणि मस्तगडाच्या गल्लीतून परत आलो. फाटकाशी मी पोरींना ओळीत उभं केलं आणि डोक्याला हात लावत मोजलं. सव्वीस. जाताना सव्वीस, येताना सव्वीस. बराबर.

"चला आत, शेंगदाणे-गूळ घ्या."

माझा पदर कुणीतरी ओढला. धनगराची पोर.

"मावशे, एक न्हाई."

"हायेत सगळ्या. मोजलं ना मी!"

"न्हाई. ती बारकी न्हाई. नाक वाहतंय ती, उजव्या कानात काडी हाये ती." मंग बोट करून म्हणाली, "आन ही आपली न्हाई."

बघते तर काय, ओळीच्या शेवटी मस्तगडातली एका कोष्ट्याची पोर शेंगदाण्यांच्या वासानं आमच्यात येऊन उभी होती. मी तिच्याही डोक्याला हात लावला होता. तिनंही गोड आवाजात 'सव्वीस' म्हटलं होतं.

मिससाहेब व्हरांड्यात होत्या. त्यांनी ऐकलं आणि डोक्यावर टोपी न घालता, तशाच उन्हात पळत सुटल्या. मी मागं. मस्तगडातले दुकानदार उठून बघायला लागले. एक म्हणाला, "काय झालं हो मिससाहेब?" तर बाई त्यांचं सगळं शास्त्रीबुवांचं मराठी विसरल्या आणि ओरडल्या, "पोर! पोर!" तो दुकानदारही गादी सोडून आमच्याबरोबर पळाला.

बारकी डोहाच्या कडेला खडकावर बसली होती. पाय पाण्यात. मासे बघत होती. मिससाहेबांनी तिला उचललं आणि तिथंच मटकन खाली बसल्या. बारकी म्हणाली, "मिससाब, तुमची टोपी कुठंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मिससाहेबांनी धनगराच्या पोरीला लिंबाखाली बोलावलं, मलाही. त्या खाली मातीतच बसल्या, म्हणून मीही बसले.

"तुला कसे कळले, एक मुलगी नाही ते?"

"दिसली न्हाई म्हणून."

"पण मावशींनी मोजले होते."

पोरगी माझ्याकडं बघून म्हणाली, "मावशी मोजती म्हणूनच जातंय." मंग जणू आम्हा दोघींनाच काही कळत नाही अशा आवाजात तिनं सांगितलं, "जित्या जिवाला मोजू न्हाई. मोजलं की एक कमी होतं. माझा बा कधी मेंढरं मोजत न्हाई. कुनी इचारलं किती, तर म्हंतो, हायेत देवाच्या दयेनं."

"मग रोज संध्याकाळी सगळी आली की नाही, हे तुझ्या बाबांना कसे समजते?"

"तोंडं बघून. मेंढरं वाड्यात शिरतानी बघायचं. जे दिसलं न्हाई ते न्हाई."

"आणि तू माझ्या मुलींना तसेच बघतेस? रोज?"

"मंग? मावशी रोज मोजती. कुनी तरी बघायला नको व्हय?"

मी मनातून जमिनीत गेले. दोन महिने मी त्या पोरीला तिच्या बापाची मेंढरं मोजायला लावत होते. तिच्या लेखी मी म्हणत होते, तुझ्या घरातलं एक मरू दे, तुझ्या मैत्रिणींतली एक जाऊ दे. आणि ती ओळीत गप्प उभी राहून आम्हाला सगळ्यांना राखत होती.

मला वाटलं, आता मिससाहेब हसतील, किंवा तिला समजावतील की असं काही नसतं. दुसरं कुणीही असतं तर तेच केलं असतं. मीसुद्धा. आदल्या दिवशी नेमकी मोजल्यावरच एक कमी झाली होती, तरी. पण मिससाहेब माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, "मावशी, शेंगा आहेत का भुईमुगाच्या?"

मी सूपभर आणल्या. मिससाहेबांनी त्या पोरीपुढं ओतल्या. "ह्या जिवंत नाहीत ना? ह्या मोजल्या तर चालेल?"

पोरगी हसली. आमच्याकडं आल्यापासून पहिल्यांदा. "शेंगाला काय व्हतंय!" म्हणाली आणि असे हात चालवले म्हणता, बघत राहावं. वीस शेंगा झाल्या की एक खडा बाजूला. "एक ईस. दोन इसा. तीन इसा." बाजारात लोकर आन् घोंगड्यांचे सौदे ती बापाबरोबर बसून ऐकत आलेली.

"पाच इसा," ती म्हणाली.

माझ्यानं राहवेना. "आगं शंभर म्हण, शंभर!"

"मावशी," मिससाहेब म्हणाल्या, "तिला तिचे म्हणू द्या." आणि पोरीला, "आम्ही पाच विसांना शंभर म्हणतो. बरे का?"

"बरं. मंग सात इसा म्हंजी एकशे चाळीस." आणि एक शेंग फोडून तिनं तोंडात टाकली. "बाई, हे तर सोपं हाये. मावशीनं आधी शेंगाच द्यायच्या की."

मिससाहेब आत गेल्या. पाकिटातलं पत्र काढलं, तिच्या नावावर रेघ मारली आणि खाली इंग्रजीत बरंच लिहिलं. मी विचारलं, काय लिहिलं. म्हणाल्या, "परीक्षा घेणारी नापास झाली, असे लिहिले."

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी माझ्या मनात त्या मोठ्याच राहिल्या असत्या. पण त्या खुर्ची घेऊन वर्गात गेल्या, तिच्यावर चढल्या आणि बहिणीनं रंगवलेला तक्ता खिळ्यावरून उतरवला. मी म्हणाले, "अहो राहू द्या की, बाकीच्या पोरी शिकतात त्याच्यावर." त्या म्हणाल्या, "बाकीच्या शेंगांवरही शिकतील." तक्ता त्यांनी गुंडाळून आपल्या खोलीत नेला. खिळ्याच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन राहिला, तो पुढं चुना दिला तेव्हा गेला.

त्या दिवसापासून फाटकाशी मोजणं बंद. नदीवरून आलो की धनगराची पोर फाटकाच्या दगडावर उभी राहायची आणि सगळ्या आत येईस्तोवर तोंडं बघायची. मिससाहेबही तिच्या शेजारी उभ्या राहून तसंच शिकायला बघायच्या. आमच्यात दोघी जुळ्या बहिणी होत्या, तिथं बाईंचं घोडं अडायचं. एकीला दोनदा आत घ्यायच्या आणि दुसरीला हरवली म्हणायच्या. पोरगी कपाळाला हात लावायची. "मिससाब, बघा ना नीट! हिचा भवरा डावीकडं हाये."

मिरग लागला. मी रोज फाटकाकडं बघत होते. पोरगी मात्र बघत नव्हती. मिरगाला म्हणजे मिरगाला, असं तिचं. एका सकाळी तो आला. घोंगडं खांद्यावर, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. फाटकाबाहेरूनच मला विचारलं, "हाये का?" एवढंच. वाटेत कुणीतरी त्याला सांगितलं होतं की ह्या घरच्या पोरी रेल्वेनं लांब धाडतात.

"हाये, हाये!" मी ओरडले. पोरगी मागून पळत आली. दोन्ही पायांनी पळत. तिचा पाय बघून तो बाप खाली बसला आणि पायच चाचपत राहिला.

मला आपलं वाटत होतं, मिससाहेबांनी त्याला सांगावं, पोर हुशार आहे, राहू द्या इथंच. मी डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. पण त्यांनी विचारलं, "आता तुम्ही कुठे राहणार?"

"हितंच वरच्या माळावर. दिवाळीपोत्तर. मंग पुना गोदेकडं."

"मग दिवाळीपर्यंत दिवसा ती इथे शिकेल का? आणि दिवाळीला तुमच्याबरोबर जाईल."

तो म्हणाला, "आन मंग आठ म्हैने? मेंढरामागं मानूस लागतं, बाई. तिची जागा तुम्ही दुसरीला द्याल."

"नाही," मिससाहेब म्हणाल्या. "जागा तिचीच."

त्यानं पोरीकडं बघितलं. पोरगी म्हणाली, "बा, मला तिसरं पान वाचता येतंय." त्यानं मान हलवली.

पाच पावसाळे ती तशी आली. मिरगाला यायची, दिवाळीला जायची. आठ महिन्यांत विसरलेलं पंधरा दिवसांत परत मिळवायची. तिसरीचं पुस्तक पुरं केलं तिनं, मंग शहागडाकडंच लग्न झालं. तिकडून परदेशातून एकदा एक साहेब तपासणीला आले होते, त्यांनी हजेरीचं पुस्तक उघडलं आणि तिच्या नावापुढं बोट ठेवून विचारलं, हे काय? आठ महिने तिथं गैरहजेरीची फुली नव्हती. मिससाहेबांनी दर महिन्याला आपल्या वाकड्या मराठी अक्षरात लिहिलं होतं, 'मेंढरांबरोबर.' साहेब म्हणाले असणार की मग नाव काढून टाका. मला इंग्रजी येत नाही, पण मिससाहेबांचं उत्तर फार छोटं होतं आणि साहेबांनी पुस्तक मिटलं, एवढं मी पाहिलं.

पुढं मिससाहेब म्हाताऱ्या होऊन आपल्या देशी गेल्या आणि ते पुस्तक माझ्याकडं आलं. मी फुल्या मारायचे नाही. एका पोरीपुढं लिहिलं, 'सुगीला'. एकीपुढं, 'आईच्या बाळंतपणाला'. एक पोर तर आजोळी म्हणून गेली ती दोन वर्षं आली नाही, तिच्या आजोळचा पत्ताही कुणाला नव्हता. तिच्यापुढं काय लिहावं ते मला सुचेना, तर मी दर महिन्याला तिचं नुसतं नावच परत लिहीत गेले.